एरंडेल यांचा प्रतिसाद

अभिमन भारंबे यांना आजवर लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. वरणगावच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळायचे तेव्हा कुणी खडूस म्हणे, कुणी खवट, एका फोरमननं तर भर कँटीनमध्ये 'कुलूप' म्हटलं होतं. ते सगळं त्यांनी पचवलं. पण आपण माणूस आहोत याचा लेखी पुरावा द्यायची वेळ निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी, जळगावात स्वतःच्या घरी, स्वतःच्या झोपाळ्यावर बसलेले असताना येईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

सुरुवात साधी होती. दिवाळीत मुलगा नवीन पुण्याहून आला आणि जाताना आपला जुना मोबाईल बापाच्या हातात ठेवून गेला.

"मी नवा घेतलाय, आबा. हा चांगला चालतो. वापरा."

"बरं," अभिमनराव म्हणाले.

चार दिवसांच्या मुक्कामातलं बापलेकांचं हे सगळ्यात लांब बोलणं. एरवी नवीनचा फोन रविवारी साडेअकराला येई. तिकडून "काय म्हणता", इकडून "बरं आहे, हवा कशी आहे?", तिकडून "हं, बरी", आणि मग फोन कुंदाबाईंकडे जाई. तिथे मात्र अर्धा तास हसणं-खिदळणं चाले. अभिमनराव पेपर वाचण्याचं नाटक करत ऐकत बसत, आणि पेपर उलटा नाही ना, एवढं बघत.

तर त्या मोबाईलमध्ये एक पान उघडंच राहिलं होतं. 'ओसरी' नावाचं संकेतस्थळ, 'तंत्रज्ञान आणि समाज' हा विभाग, आणि वर कोपऱ्यात 'नमस्कार, कळणा'. कळण्याची भाकरी सकाळीच खाल्लेली असल्यामुळे अभिमनरावांना ते स्वयंपाकाचं काहीतरी वाटलं. पण खाली माणसं हिरिरीनं भांडत होती. एकानं एक विषय काढायचा, त्याला म्हणायचं धागा. मग बाकीच्यांनी त्याखाली प्रतिसाद द्यायचे. कळणा या इसमानं लिहिलं होतं, 'आमच्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा वडिलांनी त्याचा खोका वर्षभर पलंगाखाली ठेवला. का, तर कंपनीनं परत मागितला तर?'

अभिमनराव झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. हा खोका त्यांचा होता. कळणा म्हणजे नवीन!

दोन दिवस त्यांनी नुसतं वाचलं. फोनवर 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर वर्षं काढणारा पोरगा इथे पानंच्या पानं लिहीत होता. शेतावर उडणाऱ्या ड्रोनवर, शाळेतल्या मोबाईलवर, म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर. विनोद करत होता. एके ठिकाणी तर त्यानं 'माझं चुकलं' असंही लिहिलं होतं. हा मुलगा एवढा मोठा कधी झाला आणि आपण तेव्हा कुठे होतो, असं अभिमनरावांना वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र ते नवीनच्या खात्यातून बाहेर पडले. दुसऱ्याच्या सहीवर माल उचलायचा नाही, हा स्टोअरचा नियम. आपल्या नावानं आत जायचं.

आत जाणं सोपं नव्हतं. नाव म्हणून त्यांना मामाच्या गावाचं 'एरंडोल' हवं होतं. मोबाईलनं परस्पर 'एरंडेल' केलं, आणि बटण दाबल्यावर खाली अक्षरं आली, 'सदस्यनाम बदलण्याची सोय नाही'. रेचकाचं नाव कपाळी आलं. पुढे 'मी यंत्रमानव नाही' या चौकटीत खूण करायची होती. ती त्यांनी बाणेदारपणे केली. तेवढ्यानं भागलं नाही. नऊ चित्रं आली आणि मोटारसायकल असलेली निवडायला सांगितलं. एका चित्रात नुसता आरसा दिसत होता. आता आरसा म्हणजे मोटारसायकल का? स्टोअरच्या हिशेबी आरसा हा सुटा भाग, त्याचा नंबर वेगळा, रॅक वेगळा. त्यांनी आरसा सोडला. यंत्रानं त्यांना नापास केलं. असे ते तीनदा नापास झाले आणि चौथ्यांदा तत्त्व बाजूला ठेवून आत गेले. गावाच्या रकान्यात त्यांनी शिंदखेडा लिहिलं, कारण शिंदखेड्यात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

कळणा यांचा ताजा धागा होता, 'अंतर संपलं'. मी पुण्यात बसून रोज जळगावात असतो, असं त्यात लिहिलं होतं.

"रोज?" अभिमनराव मोठ्यांदा म्हणाले. मग त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं: '१) सदर मुद्दा मान्य नाही. २) अंतर आहे तिथेच आहे. ३) कळावे.'

पाऊण तासात उत्तर आलं. 'एरंडेलसाहेब, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत' अशी सुरुवात आणि पुढे भलामोठा मजकूर. अभिमनरावांनी शब्द मोजले. चारशे बारा. मुलगा त्यांच्याशी चारशे बारा शब्द बोलला होता! त्यांनी ते कुंदाबाईंना वाचून दाखवलं. लिहिणारा कोण, ते सांगितलं नाही.

कुंदाबाई मेथी निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "हा पोऱ्या चांगला शिकेल-सवरेल दिसतो. आन् मायाळू बी. याचे मायबाप नशीबवान म्हना."

अभिमनराव पाणी प्यायला आत गेले.

पुढच्या धाग्यावर त्यांनी खुशीत लिहिलं, 'विचार पूर्ण पटले. उत्तम.' त्याला उत्तर आलं ते म्हणजे जोडलेल्या हातांचं एक चित्र. बस. पाच दिवस वाट पाहिली, पुढे काही नाही. सहाव्या दिवशी ते शेजारच्या दीपचंदभाऊंकडे गेले. दीपचंदभाऊंचं कापडाचं दुकान आता मुलं बघत होती आणि ते स्वतः दिवसभर फाटकापाशी खुर्ची टाकून, जाणाऱ्या-येणाऱ्याला सल्ला देत बसत. अभिमनरावांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

दीपचंदभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. "भारंबेभाऊ, तुम्ही भाव कबूल करून टाकला. ज्या गिऱ्हाइकाला भाव पटला, ते कापड घेऊन दोन मिनिटांत जातं. ज्याला पटत नाही, ते गादीवर बसतं, चहा पितं, घरचं सांगतं, पोरीच्या लग्नाचं सांगतं. पोराला बसवून घ्यायचं ना? मग पटवून नाही घ्यायचं."

तेव्हापासून अभिमनरावांना काहीच पटेनासं झालं. विजेचं बिल ते स्वतः मोबाईलवरून भरत, पण ओसरीवर त्यांनी मोबाईलनं पैसे भरण्याला कडाडून विरोध केला. बोदवडच्या मेहुण्यानं केळीच्या बागेचं पाणी घरबसल्या मोबाईलवरून सोडायची सोय केली, तिचं त्यांनी गावभर कौतुक केलं होतं. तिच्याविरुद्ध त्यांनी अकरा मुद्दे लिहिले. कॉलनीत कॅमेरे लावले ते समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच. पण 'कॅमेरा हा समाजाच्या विश्वासाला लागलेला गंज आहे' हे वाक्य लिहिताना त्यांचं बोट जरासुद्धा थरथरलं नाही. या वाक्यावर तर नवीननं दोन दिवसांत सहा प्रतिसाद लिहिले. ओसरीवर एरंडेलवादी आणि एरंडेलविरोधी असे दोन तट पडले. लोक त्यांना 'एरंडेलकाका' म्हणू लागले. नवीनही म्हणू लागला. काका! अभिमनरावांना त्या शब्दाचा हेवा वाटायचा, आणि काका तर तेच होते.

"इतल्या वेळाचं काय टिपू राह्यले त्याच्यात?" कुंदाबाई विचारत.

"समाजाचं काम आहे," अभिमनराव सांगत.

असे तीन महिने मजेत गेले. मग माघात एक धागा निघाला, 'घरातली माणसं आणि फोन'. त्यावर कळणा यांनी लिहिलं:

'माझे वडील चांगले आहेत. पण त्यांना माझ्याशी बोलायला आवडत नसावं. मी फोन केला की ते हवा कशी आहे विचारतात आणि लगेच फोन आईकडे देतात. मी दर रविवारी ठरवतो, आज त्यांना काहीतरी सांगायचं. सांगायला लागेपर्यंत आई आलेली असते. एरंडेलकाका, तुम्ही त्यांच्या वयाचे असाल. मी काय करू?'

अभिमनरावांनी ते वाचलं आणि मोबाईल झोपाळ्यावर पालथा ठेवला. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, की मुलाला आईशीच बोलायचं असतं. आपण मधे रेंगाळून त्याचा वेळ कशाला खायचा? फोन पटकन पुढे देणं हा त्यांच्या दृष्टीनं समजूतदारपणा होता.

तीन दिवस त्यांना उत्तर सुचेना. लिहीत आणि पुसत. चौथ्या दिवशी त्यांनी जे पाठवलं ते असं: '१) आपला प्रश्न प्राप्त झाला. २) वडिलांस बोलणे आवडत नसावे, हा निष्कर्ष तपासून घ्यावा. ३) बोलण्याची रीत माहीत नसणे हेही कारण संभवते. ४) फोन बंद करू नये.'

झालं! एरंडेलविरोधी तट याचीच वाट बघत होता. एकानं लिहिलं, एरवी तासाभरात भांडणारा हा गृहस्थ मनाचा प्रश्न विचारल्यावर तीन दिवस अडकतो आणि मग असलं उत्तर देतो. हा माणूसच नाही, हे यंत्राकडून लिहून घेतलेलं आहे. दुसऱ्यानं अनुक्रमांकांकडे बोट दाखवलं. तिसऱ्यानं लिहिलं, एरंडेल असं नाव कुठला माणूस घेईल? दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाचं पत्र आलं: आपलं लेखन यंत्रनिर्मित असल्याच्या सात तक्रारी आहेत. एक तर पत्त्यासह ओळखपत्र सादर करा, नाहीतर दोन जुन्या सदस्यांनी आपल्याला प्रत्यक्ष पाहिल्याचा दाखला आणा. मुदत पंधरा दिवस, नंतर खातं बंद.

ओळखपत्रावर जळगाव होतं आणि ओसरीवर शिंदखेडा. खोटा पत्ता म्हणून खातं तसंही गेलंच असतं. अभिमनराव खुलासा लिहायला बसले, तोवर धाग्यावर कळणा यांनी जाहीर केलं: 'एरंडेलकाका यंत्र आहेत हे मला मान्य नाही. मी स्वतः त्यांना भेटतो. येत्या शनिवारी धुळ्यात. काका, शिंदखेड्याहून एवढं याल ना?' त्याखाली धुळ्याच्या राजकुंवर नावाच्या सदस्येनं लिहिलं, 'दुसरी साक्षीदार मी.'

'येत्या शनिवारी' हे शब्द अभिमनरावांनी पुन्हा पुन्हा वाचले. संक्रांतीला बोलावलं तेव्हा या मुलाला रजा नव्हती. कुंदाबाईंचे डोळे तपासायचे होते तेव्हा नव्हती. एरंडेलसाठी एका दिवसात निघाली.

रविवारी साडेअकराला फोन आला. "आबा, शनिवारी धुळ्याला जरा काम आहे. वेळ मिळाला तर घरी चक्कर टाकीन."

आज फोन द्यायचा नाही, असं अभिमनरावांनी पक्कं ठरवलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "तिकडे हवा कशी आहे?" त्यांच्या तोंडून गेलं.

"बरी आहे."

पुढे काय? ओसरीवर अकरा मुद्दे सुचणाऱ्या माणसाला एक सुचेना. कुंदाबाई हात पुसत आल्या होत्या. त्यांनी फोन दिला.

संध्याकाळी ते दीपचंदभाऊंकडे गेले. "नाही गेलो तर खातं बंद, मुलाचं बोलणं बंद. गेलो तर मुलगा कायमचा बंद. बाप चोरून आपलं वाचतो म्हटल्यावर कोण बोलेल?"

"तुमच्या त्या एरंडेलचा फोटो कुणी बघितलाय का?" दीपचंदभाऊंनी विचारलं. "नाही ना? मग एरंडेल मी बनतो. नवीनबेटा मला कुठे ओळखतो? आम्ही इथे राहायला आलो दोन वर्षं झाली, तो येतो चार दिवस आणि घराबाहेर पडत नाही." ते खुर्चीवरून उठलेसुद्धा. मुलांनी दुकान हातात घेतल्यापासून त्यांना कुणी कशासाठी कुठे पाठवलं नव्हतं.

अभिमनरावांनी ओसरीवर हॉटेल, वेळ आणि कोपऱ्यातलं टेबल कळवलं. शनिवारी कुंदाबाईंना पेन्शनचं काम सांगून दोघं एसटीनं निघाले. पारोळ्यापर्यंत अभिमनराव प्रश्न विचारत होते आणि दीपचंदभाऊ पाठ केलेलं म्हणत होते.

"ड्रोन?"

"विरोध."

"शाळेतला मोबाईल?"

"विरोध. भाऊ, एखाद्याला तरी हो म्हणू द्या, जीव घाबरतो."

"एकालाही नाही," अभिमनराव म्हणाले.

धुळ्यात बसस्टँडजवळच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलाशी दीपचंदभाऊ बसले, आणि त्यांच्या पाठीमागच्या टेबलाशी अभिमनराव पेपर उघडून बसले. वेटर आला. "काय देऊ, आबा? भजी गरम हायेत."

"चहा," पेपरामागून अभिमनराव कुजबुजले.

आधी राजकुंवरबाई आल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या, हातात छापलेला अर्ज आणि दोन पेनं. मग नवीन आला. पेपराच्या कडेवरून अभिमनरावांनी पाहिलं. जरा वाळला होता. दाढी वाढली होती. दीपचंदभाऊंना पाहून तो असा हसला, की अभिमनरावांना ते हसू पाहून किती वर्षं झाली याची मोजदाद लागेना. आणि मग तो वाकून त्यांच्या पाया पडला.

"काका, तुमच्यामुळे किती वाचावं लागलं मला," नवीन म्हणाला. "कॅमेऱ्यांचं मात्र तुमचं मला अजून पटत नाही. थोडे तर हवेतच की नाही?"

"हवेत ना, हवेतच," दीपचंदभाऊ म्हणाले. चाळीस वर्षं गिऱ्हाईक सांभाळलेला माणूस समोरच्याला नाही म्हणायचं विसरून गेला.

नवीन जरा गोंधळला. "आणि ड्रोन?"

"एकदम बरोबर आहे तुमचं."

राजकुंवरबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "तुम्हीच ना ते गंजवाले? माझ्या एका ओळीला तुम्ही नऊ मुद्द्यांनी कापलं होतं."

"आज तब्येत नरम आहे," दीपचंदभाऊंनी कपाळ पुसलं.

नवीननं चमचा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "जाऊ द्या, काका. खरं सांगू? मी वादासाठी आलोच नाही. तुमचं ते शेवटचं उत्तर होतं ना, त्याला सगळे हसले. मला वाटलं, हा माणूस खरं सांगतोय. इथून दोन तासांवर माझं घर आहे. आज जाऊन वडिलांसमोर बसायचं म्हणतोय. पण बसल्यावर काय बोलू?"

याचं उत्तर पाठांतरात नव्हतं. दीपचंदभाऊंनी चहाचा कप बशीत ठेवला.

"बेटा," ते म्हणाले, "हे मला नको विचारू. हे मागच्या टेबलावर विचार."

पेपर खाली आला. तो आपण खाली घेतला की आपोआप आला, हे अभिमनरावांना पुढेही सांगता आलं नाही. नवीन बघत राहिला. मग उठला आणि बाहेर निघून गेला.

"मी दाखला कुणाच्या नावानं देऊ?" राजकुंवरबाईंनी विचारलं. दीपचंदभाऊ त्यांना सगळं पहिल्यापासून सांगू लागले. अभिमनराव बाहेर धावले.

नवीन आपल्या गाडीला टेकून उभा होता.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"दिवाळीपासून."

"मी तुमच्याबद्दल लिहिलेलं तुम्ही वाचलंत."

"वाचलं."

"आणि मला नंबर घालून उत्तर दिलंत, आबा?"

"तीन दिवस लागले ते लिहायला," अभिमनराव म्हणाले. "मला दुसरी रीत येत नाही रे."

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. नवीनचे डोळे लाल झाले होते. रागानं की कशानं, ते कळत नव्हतं. "घरी का नाही बोललात?"

"तुला आईशी बोलायचं असतं असं वाटायचं. म्हणून तिला द्यायचो. तुझा वेळ जायला नको."

"माझा वेळ!" नवीन म्हणाला. त्यानं गाडीच्या टपावर थाप मारली. मग म्हणाला, "कॅमेऱ्यांवरून दोन दिवस माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. एवढा कसला राग तुम्हाला कॅमेऱ्यांचा?"

"राग नाही. कॉलनीत मीच बसवलेत. सोळा."

नवीननं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले, तेव्हा अभिमनराव घाबरले. पण तो हसत होता, निदान थोडं तरी हसत होता.

राजकुंवरबाई अर्ज घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि नवीनकडे दिला. "यंत्र असतं तर एवढा गोंधळ घातला नसता," त्या म्हणाल्या. "तुम्हीही करा सही. पत्ता मात्र सुधारून घ्या, भारंबे. तो खोटा आहे."

गाडीत दीपचंदभाऊ मागे बसले आणि धुळं संपायच्या आत झोपले. पुढे बापलेक होते. दोन्ही बाजूंनी कपाशीची वाळलेली रानं मागे जात होती. 'हवा बरी आहे' असं अभिमनरावांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. मग सदतीस वर्षांच्या मुलाला त्यांनी विचारलं, "तू दिवसभर तिथे काय करतोस रे? म्हणजे, नेमकं?"

नवीननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "कारखान्यातल्या मशीनांचा आवाज ऐकायचा, आणि मशीन कधी बिघडणार ते आधी सांगायचं. संगणकाला ते शिकवतो मी."

"बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो," अभिमनराव म्हणाले.

"तेच, आबा! पण किती आधी, हे कुणालाच सांगता येत नाही."

"आमच्याकडे एक जण होता. नुसता हात लावून सांगायचा. लोक त्याला हसायचे. मी त्याच्या शब्दावर बेअरिंग आधीच मागवून ठेवायचो."

"कसं सांगायचा? हात कुठे लावायचा?"

मग नवीन बोलत राहिला. आपण बसवलेली पद्धत एकदा सपशेल फसली ते त्यानं सांगितलं, तेव्हा नोकरी सोडायचं मनात आलं होतं तेही सांगितलं. त्यातलं निम्मं अभिमनरावांना कळलं नाही. ते अधूनमधून "मग?" एवढंच म्हणत, आणि तो पुढे सांगे.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी बंद झाली, पण कुणी उतरलं नाही. कुंदाबाई फाटकात आल्या, पेन्शनच्या कामाला गेलेला नवरा मुलाच्या गाडीत बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले, आणि शेवटी येऊन काच वाजवली.

"उतरता का नाई तुम्ही?"

अभिमनरावांनी काच खाली केली. "थांब जरा. याचं एक सांगायचं राहिलंय."

कुंदाबाई आत गेल्या, गॅस बंद करून परत आल्या, मागचं दार उघडलं, झोपलेल्या दीपचंदभाऊंना कोपरानं पलीकडे सरकवलं आणि पदर सावरून बसल्या.

"हं, सांग रे," त्या म्हणाल्या. "मी बी ऐकते."